कुणाच्या लग्नाला निघालेत? थडग्यातल्या चिनी मातीच्या मूर्ती कशा पाहाव्यात

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, चीनच्या दालनात, तेरा मातीच्या मूर्ती एकत्र उभ्या आहेत. दोन उंट, दोन घोडे, तीन मोतद्दार, दोन दरबारी अधिकारी, चिलखत घातलेले दोन रक्षक आणि ज्यांना काय म्हणावं ते चटकन सुचत नाही असे दोन अक्राळविक्राळ प्राणी. सर्वांत उंच मूर्ती मीटरभराच्या वर जाते. मावशीला घेऊन गेले होते तेव्हा ती काचेसमोर थांबली, पदर सावरला आणि म्हणाली, "हे एवढे नटूनथटून कुणाच्या लग्नाला निघालेत गं?"

मी हसले. "लग्नाला नाही मावशी, मयताला." ल्यू थिंगशुन नावाचा एक सेनाधिकारी इ.स. ७२८ मध्ये बहात्तराव्या वर्षी वारला. हे सगळं लटांबर त्याच्या थडग्यातलं म्हणून ओळखलं जातं. मला वाटलं, मी मावशीची चूक दुरुस्त केली. तिचा प्रश्न माझ्या उत्तरापेक्षा बराच बरोबर होता हे मला फार उशिरा कळलं. ते पुढे सांगते.

हा लेख मावशीसारख्यांसाठी आहे. मुलाकडे किंवा मुलीकडे लंडन, न्यूयॉर्क, टोरोंटोला गेलेले, एका पावसाळी दुपारी "चला, म्युझियम तरी बघू" म्हणून बाहेर पडलेले. या तिन्ही शहरांतल्या मोठ्या संग्रहालयांत अशा मूर्ती भरपूर आहेत. चीनमधल्या शिआन शहरात गेलात तर विचारायलाच नको. चिनी घराण्यांची यादी पाठ करायची गरज नाही. एक वही, एक पेन्सिल घ्या आणि प्रत्येक मूर्तीला एकच प्रश्न विचारा: बाबा रे, तुला काम काय दिलं होतं?

पहिली पायरी: शोकेस विसरा

थडग्यात ठेवण्यासाठी मुद्दाम बनवलेल्या वस्तूंना चिनी भाषेत 'मिंगची' म्हणतात, आणि त्यातल्या माणसांच्या, जनावरांच्या मूर्तींना 'योंग'. मिंगचीचं वैशिष्ट्य असं की ती दिसायला खरी आणि वापरायला निकामी असते. मातीच्या चुलीत जाळ पेटत नाही, वीतभर विहिरीला पाणी लागत नाही. ती चूल आणि ती विहीर मेलेल्या माणसाच्या पुढच्या संसारासाठी आहे.

याची सुरुवात मात्र अंगावर काटा आणणारी आहे. आन्यांगला १९७६ मध्ये फू हाओ या राणीचं थडगं उघडलं. काळ साधारण इ.स.पू. १२००. तिच्यासोबत सोळा माणसं आणि सहा कुत्री पुरलेली होती. राणीला पलीकडे नोकरचाकर लागणार, म्हणून खरेच पाठवले. पुढच्या शतकांत ही प्रथा ओसरत गेली आणि माणसांच्या जागी लाकडाच्या, मातीच्या मूर्ती येऊ लागल्या.

आपल्याला वाटेल, कन्फ्यूशियस यावर खूश झाला असेल. झालं उलटंच. त्याचा नंतरचा अनुयायी मेन्शियस, त्याच्या ग्रंथात कन्फ्यूशियसच्या तोंडचं वाक्य आहे: ज्याने पहिल्यांदा योंग केले त्याचा निर्वंश होवो! कारण, त्याने माणसाची हुबेहूब प्रतिकृती करून ती पुरायला वापरली. आज मूर्ती पुराल, उद्या माणूस पुरायला हात कचरणार नाही, अशी ही धास्ती. चिनी भाषेत आजही एखाद्या वाईट पायंड्याच्या जनकाला 'पहिला योंग करणारा' म्हणतात. पुरातत्त्वाचा क्रम याच्या उलट जातो, आधी माणसं आणि मग मूर्ती. तरी मला हा शाप महत्त्वाचा वाटतो. या मूर्ती किती जिवंत वाटत असतील, हे त्यातून कळतं.

म्हणून काचेसमोर उभं राहिलात की मनातल्या मनात दिवे मालवा. हे अंधारात, मातीखाली, दार लावून घेतल्यावर कामाला लागणारे लोक आहेत.

दुसरी पायरी: उंची मोजा, मग पोट बघा

शिआनजवळचं, चीनचा पहिला सम्राट छिन शी हुआंग याचं मातीचं सैन्य सगळ्यांना ठाऊक असतं. १९७४ च्या मार्चमध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना ते सापडलं, आठ हजारांच्या आसपास मूर्ती असाव्यात असा अंदाज आहे, आणि त्यातल्या बऱ्याच अजून मातीतच आहेत. पण नवख्या माणसाची इथेच फसगत होते. पूर्ण माणसाएवढे सैनिक हा अपवाद आहे. त्याआधी नाही, त्यानंतरही नाही. या सम्राटाच्या मापाने बाकीच्या मूर्ती मोजायला गेलात तर सगळ्या खुज्या वाटतील.

खरा धडा शिआनच्याच विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. १९९० मध्ये हा रस्ता बांधताना हान घराण्याच्या जिंग सम्राटाच्या दफनभूमीतले खड्डे सापडले. तो इ.स.पू. १४१ मध्ये वारला. त्याचे सैनिक साधारण ६० सेंटिमीटरचे, म्हणजे खऱ्या माणसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढे. ते नागडे आहेत आणि त्यांना हात नाहीत. पाहणारा आधी दचकतो. खांद्यापाशी गोल भोक दिसतं, त्यावरून उलगडा होतो: हात लाकडाचे होते, अंगावर खऱ्या रेशमाचे कपडे होते. लाकूड कुजलं, रेशीम गेलं, माती राहिली. कपड्याखालचं शरीरही इतकं चोख घडवलंय की पुरुष, बायका आणि दरबारी खोजे वेगळे ओळखता येतात. जे कुणाला दिसणार नव्हतं, तेही केलं. तिथल्या संग्रहालयात खड्ड्यांवर काच टाकली आहे, पायाखाली मूर्ती दिसतात. सैन्यापुढच्या गर्दीत चार तास घालवण्यापेक्षा इथे दोन तास घालवा, असं मी तरी सांगेन.

उंची पाहून झाली की मूर्ती पोकळ आहे का ते बघा. बहुतेक असते. भरीव मातीचा मोठा घोडा भट्टीत तडकतो. आतला ओलावा वाफ होऊन बाहेर पडायला वाट लागते. तांग घराण्याच्या काळातल्या (सातवं ते दहावं शतक) घोड्याच्या पोटाखाली म्हणूनच मोठं लंबगोल भोक असतं. वाका आणि बघा, रखवालदार काही म्हणत नाही.

मग सांधा शोधा. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे आठवा: मावळ्याच्या दोन्ही कुशींवरून कानापर्यंत गेलेली ती बारीक रेघ, दोन साचे जिथे जुळतात तिथली. तांग काळातल्या मूर्तीही तशाच दोन भागांच्या साच्यांतून निघत. धड एका साच्यातलं, डोकं दुसऱ्यातलं, मग ओल्या मातीने सांधा पुसून घ्यायचा. पुढून सगळं गुळगुळीत असतं. कानामागे, काखेत, घोड्याच्या मानेखाली बघा, तिथे पुसायचा कंटाळा केलेला सापडतो. साचा एकच असला तरी डोकं जरा तिरकं बसवलं की माणूस बदलतो. कारागिरांनी ही युक्ती भरपूर वापरली आहे.

तिसरी पायरी: रंगाच्या तीन तऱ्हा

इथे थोडं थांबायचं, कारण रंगावरून काळ, पैसा आणि कारागिराची डोकेबाजी तिन्ही कळतात.

पहिली तऱ्हा कोरड्या रंगाची. मूर्ती भाजून गार झाली की पांढरा हात द्यायचा आणि वर खनिज रंग लावायचे. हा रंग मातीत मुरत नाही, वर बसतो, म्हणून झडतो. गुलाबी गालाचा एक तुकडा, ओठावर शेंदरी ठिपका, बाहीवर हिरव्या नक्षीचा अर्धा वेल एवढंच उरलेलं असतं. छिन सैनिकांचं दुःख आणखी वेगळं. त्यांच्या रंगाखाली लाखेचा थर होता. हजारो वर्षांच्या ओलीतून तो कोरड्या हवेत आला की काही मिनिटांत आकसून सुटतो आणि रंग घेऊन गळतो. आज दिसणारं ते करडं सैन्य एके काळी जांभळं, लाल, हिरवं होतं.

दुसरी तऱ्हा हान काळातली हिरवी झिलई, म्हणजे भाजताना मातीवर चढणारा काचेसारखा थर. शिशाच्या झिलईत तांबं घातलं की हिरवा रंग येतो. यातल्या काही मूर्तींवर चंदेरी, इंद्रधनुषी तवंग दिसतो, रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलसारखा. ती कारागिराची करामत नव्हे. ओल्या मातीत शतकानुशतकं पडून झिलईच्या पृष्ठावर पापुद्रे धरतात, त्यांची ती चमक. मला स्वतःला मूळ हिरव्यापेक्षा हा तवंग जास्त आवडतो, हे कबूल करते.

तिसरी तऱ्हा म्हणजे तांग काळातली 'सान्त्साय', शब्दशः तीन रंग. मधरंगी तपकिरी लोखंडापासून, हिरवा तांब्यापासून, आणि साईसारखा पांढरट रंग बिनरंगी झिलईचा, खालच्या पांढऱ्या मातीमुळे उजळलेला. कधी कधी निळा असतो. तो कोबाल्टचा, महाग, म्हणून जपून वापरलेला. निळा दिसला की समजायचं, घरच्यांनी हात सैल सोडला होता.

करण्याची रीत अशी: मूर्ती आधी कोरी भाजायची, हजार अंशांच्या वर. मग झिलई लावून पुन्हा भट्टी, या वेळी कमी आचेवर, नऊशेच्या आसपास. शिशामुळे झिलई इतक्या कमी आचेवरही वितळते आणि ओघळते. उंटाच्या कुशीवरून मधाचा ओघळ हिरव्यात शिरलेला दिसतो, तो असा. हे ओघळ कुणी नेमके आखलेले नाहीत; आच आणि उतार यांनी ठरवले.

आता चेहरा बघा. माणसाचा अंगरखा तिरंगी चमचमतोय आणि चेहरा मात्र कोरा, मातकट! नवखा म्हणतो, झिलई उडाली. उडालेली नाही. वाहती झिलई नाकडोळे बुजवून टाकते, म्हणून कारागीर चेहरा मुद्दाम मोकळा ठेवायचा आणि नंतर ब्रशने भुवया, मिशा, ओठ रंगवायचा. त्यातली मिशी पुष्कळदा अजून शाबूत असते. ती शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही.

चौथी पायरी: घर की काफिला?

दालनात पाटी न वाचता काळ ओळखायचा सोपा उपाय. समोर घर-संसार मांडलाय की प्रवासाची तयारी चाललीय?

घर-संसार असेल तर बहुधा हान (इ.स.पू. २०२ ते इ.स. २२०). या काळात, विशेषतः उत्तरार्धात, श्रीमंतांनी थडग्यात अख्खी शेतवाडी नेली. धान्याची कोठारं, त्यांना अस्वलाच्या आकाराचे तीन पाय. मजल्यावर मजले चढवलेले टेहळणीचे बुरूज. रहाटाची विहीर. चूल, आणि चुलीच्या वरच साच्यातून उठवलेला मासा, पळी, सुरी. आखूड पायांची, गळ्यात-छातीवर पट्टा बांधलेली, शेपटी वळवलेली राखणदार कुत्री. बदकं. आणि डुकरांचा वाडा, ज्याच्या कोपऱ्यावर उंचावर माणसांचा संडास आहे; वरचं खाली पडतं आणि खालच्यांचं पोट भरतं. युरोपीय पाहुणे या वाड्यासमोर गोंधळतात. गोव्यातल्या जुन्या घरांत वाढलेल्यांना काही समजावून सांगावं लागत नाही.

याच काळातला माझा सर्वांत लाडका माणूस सिचुआनचा. १९५७ मध्ये छंगदूजवळच्या थिएनहुई टेकडीवर सापडलेला ढोलवाला कथेकरी, उंची ५६ सेंटिमीटर, आता बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात. डाव्या काखेत ढोल, उजव्या हातात टिपरू उगारलेलं, एक पाय हवेत फेकलेला, पोट सुटलेलं, कपाळावर आठ्या आणि चेहरा हसून हसून फाटायच्या बेताला. तमाशातला सोंगाड्या ज्याने पाहिलाय त्याला हा माणूस पुढे काय बोलणार हेही ऐकू येईल. याला काम काय होतं? मालकाला कायमचं हसवत ठेवायचं.

काफिला असेल तर बहुधा तांग (इ.स. ६१८ ते ९०७). आता थडगं घरासारखं कमी आणि मिरवणुकीसारखं जास्त. यावर पुढची पायरी.

मधली चार शतकं मी इथे उडी मारून टाकतेय. त्या काळात चिलखती घोडेस्वार आणि बैलगाड्या फार येतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पहिल्या भेटीला चालेल.

पाचवी पायरी: प्रत्येकाला कामाला लावा

वहीचं पान उघडा आणि ओळीने लिहा. तांग थडग्यातला लवाजमा बहुतेक वेळा जोड्यांनी येतो, त्यामुळे सोपं जातं.

सगळ्यात पुढे दोन राक्षसी प्राणी. बसलेले, खुरांचे, पाठीवर ज्वाळांसारखे पंख. एकाचा चेहरा माणसाचा, दुसऱ्याचा जनावराचा. हे थडग्याचे राखणदार. बाहेरची पिशाच्चं आत येऊ नयेत हे काम तर होतंच; आतल्या मृतात्म्याने जागा सोडून भटकू नये हेही बघायचं.

त्यांच्यामागे चिलखतातले दोन वीर. पाय कुठे आहेत ते बघा. एक पाय बैलाच्या किंवा पालथ्या पडलेल्या भुताच्या अंगावर असेल तर तो साधा शिपाई नव्हे, तो लोकपाल. हो, आपलाच लोकपाल. बौद्ध धर्माबरोबर भारतातून मध्य आशियामार्गे गेलेला दिक्पाल तांग काळापर्यंत पक्का चिनी सेनापती झाला आणि थडग्याच्या दारात उभा राहिला. देवळाच्या दारातले जय-विजय पाहायची सवय असलेल्यांना त्याची उभं राहायची ढब ओळखीची वाटते.

मग दोन अधिकारी, एक मुलकी, एक लष्करी. हात बाहीत लपवून, गंभीर. पाहायला कंटाळवाणे, खरं सांगायचं तर. त्यांचं काम तेच होतं.

घोड्यासमोर मात्र वेळ द्या. नुसतं रंग लावलेले घोडे असतील तर मानेवर एक लांब खाच आणि शेपटीच्या जागी भोक आहे का बघा. तिथे खऱ्या केसांची आयाळ आणि शेपूट बसवत. झिलईच्या घोड्यांची शेपूट आखूड बांधलेली असते, आयाळ कधी कधी कंगोरे ठेवून कातरलेली. एवढी निगा ज्याची होते ते नांगराचं जनावर नव्हे. पश्चिमेकडून आणलेल्या उमद्या घोड्यांचं तांग उमरावांना वेड होतं.

उंट दोन मदारींचा, राजस्थानातल्यासारखा एका मदारीचा नाही. मान वर, तोंड उघडं, बहुधा ओरडतोय. दोन मदारींच्या मधल्या ओझ्यावर काय काय आहे त्याची यादी करा: अक्राळविक्राळ तोंड काढलेली पोतडी, रेशमाच्या लडी, पाण्याची चपटी बुधली, कधी मांसाचा तुकडा. रेशीम मार्गावरच्या प्रवासाचं सामान एवढ्या बारकाईने फार थोड्या ठिकाणी बघायला मिळतं.

उंट धरणारा माणूस चिनी चेहऱ्याचा नसतो. मोठं नाक, खोल डोळे, भरघोस दाढी, कॉलर उलटलेला अंगरखा. हे सोग्दियन, समरकंद-बुखारा भागातले व्यापारी आणि काफिलेवाले. त्यांची मूठ बघा. घट्ट आवळलेली आणि मध्ये रिकामी. तिथे लगाम होता, दोरी कुजली. बाराशे-तेराशे वर्षं हा माणूस नसलेली दोरी धरून उभा आहे.

एक उंट तर मुद्दाम शोधून बघण्यासारखा. १९५७ मध्ये शिआनला श्यानयू थिंगहुईच्या थडग्यात सापडला; दफन इ.स. ७२३ चं. उंटाच्या पाठीवर मंच आहे आणि मंचावर पाच माणसं: चौघं बसून वाजवतायत, मध्ये एक नाचतोय. दोनच वर्षांनी, १९५९ मध्ये, शिआनजवळच्या झोंगबाओ गावात तसाच दुसरा निघाला, त्यावर आठ जण: सात वादक आणि मधोमध उभी एक गायिका. पहिला बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात, दुसरा शिआनच्या शान्शी इतिहास संग्रहालयात. खऱ्या उंटावर आठ माणसांचा वाद्यवृंद बसेल का, यावर आमच्या घरी वाद झाला आहे. मेलेल्या मालकाच्या उंटावर बसतो, एवढं नक्की.

शेवटी बायका. त्या तारीख सांगतात. सडपातळ बांधा, उंच कमरेचा घागरा, घट्ट बाह्या असतील तर तांग काळाचा पूर्वार्ध. गुबगुबीत गाल, एका बाजूला झुकलेला भरघोस अंबाडा, सैल झगा असेल तर साधारण इ.स. ७२० नंतरची. गाईड सांगतात की यांग ग्वेफेई ही सम्राटाची लाडकी स्थूल होती म्हणून ही फॅशन आली. ऐकायला छान आहे, पण तिला ग्वेफेई हा मान ७४५ मध्ये मिळाला आणि गुबगुबीत बायका त्याच्या वीस वर्षं आधीपासून थडग्यांत आहेत.

सहावी पायरी: मूर्ती जागेवर ठेवून बघा

काचेच्या पेटीत सगळे एका पातळीवर असतात. थडग्यात तसं नव्हतं. मोठ्या तांग थडग्यात जमिनीवरून खाली जाणारा लांब उतार असतो, वाटेत वरून खणलेले चौकोनी झरोके, दोन्ही भिंतींत कोनाडे. लहान मूर्ती या कोनाड्यांत थव्याने बसवत. राखणदार दारापाशी. आत खोली, खोलीत शवपेटी. आणि वाटेत कुठेतरी चौकोनी दगडाची जोडी: एक झाकण, एकावर मृताचं नाव, हुद्दा, मृत्यूची तारीख. ल्यू थिंगशुनचं वय आपल्याला कळतं ते असल्याच मृत्युलेखामुळे.

वहीत हा आडवा नकाशा काढा आणि समोरच्या मूर्तींना त्यात जागा द्या. अवघड नाही, किल्ल्यावर पहारेकरी कुठे आणि बाजार कुठे हे आपण लहानपणी ठरवलेलंच आहे.

किती मूर्ती न्यायच्या, यालाही सरकारी नियम होते. आठव्या शतकातल्या तांग प्रशासनाच्या नियमसंग्रहात लिहिलंय: तिसऱ्या श्रेणीपर्यंतच्या अधिकाऱ्याला ९० नग, पाचव्या श्रेणीपर्यंत ६०, नवव्या श्रेणीपर्यंत ४०. राखणदार, घोडे वगैरेंची उंची एक छी, म्हणजे साधारण ३० सेंटिमीटर. वादक आणि नोकरचाकर त्याहून लहान, सात त्सुन, म्हणजे २१ सेंटिमीटरच्या आसपास. आता ब्रिटिश म्युझियममधल्या त्या मीटरभर रक्षकाकडे पुन्हा बघा. नियम कागदावर आणि लोक आपल्या मर्जीने, हे काही आपल्याकडेच घडतं असं नाही. ७४१ मध्ये हुकूम काढून हे आकडे ७०, ४० आणि २० वर आणले.

हुकूम का काढावा लागला? इथे मावशी जिंकते. या मूर्ती गुपचूप पुरल्या जात नव्हत्या. अंत्ययात्रेत त्या रस्त्यावरून मिरवत नेत. आठव्या शतकाच्या सुरुवातीलाच दरबारात तक्रार गेली होती की लोक मातीची माणसं आणि घोडे जिवंत असल्यासारखे नटवतात, आणि ते कशासाठी, तर रस्त्यावरच्या बघ्यांचे डोळे दिपावेत म्हणून. एकाचं बघून दुसरा करतो आणि घरं कर्जात बुडतात. म्हणजे वरातच ती. ल्यू थिंगशुनचे उंट थडग्यात शिरण्याआधी नटूनथटून गावभर फिरले असणार. मग दार बंद.

७५५ मध्ये आन लुशान या सेनापतीचं बंड उसळलं, आठ वर्षं चाललं, आणि राजधानीच्या उमरावांची ही हौस मोडली. त्यानंतर इतक्या मोठ्या, इतक्या झगमगीत मूर्ती फारशा सापडत नाहीत. पुढे कागदाच्या वस्तू जाळण्याची रीत वाढली. चिनी समाजात आजही कागदाचं घर, कागदाची गाडी, कागदाचा मोबाइल जाळून पूर्वजांना पोचवतात.

सातवी पायरी: पाटी वाचा, आणि खिसा बंद ठेवा

पाटी शेवटी वाचायची. आधी वाचली की डोळे आळशी होतात. पाटीवर काळ, माती, झिलई असतेच. तुम्ही शोधायचं ते 'कुठे सापडलं'. ते बहुतेक वेळा नसतं, आणि त्याचं कारण आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लुओयांगजवळ रेल्वेमार्ग खणताना टेकड्यांतली थडगी फुटली आणि सान्त्साय मूर्ती बाहेर पडू लागल्या. स्थानिकांना त्या नको होत्या; मढ्याजवळची वस्तू घरात कोण ठेवणार? आपल्याकडेही कुणी ठेवणार नाही. लुओ झेन्यू या विद्वानाने १९०७ मध्ये बीजिंगच्या दुकानातून दोन मूर्ती घेतल्या आणि व्यापाऱ्यांना त्यांचं मोल कळलं. मग युरोप-अमेरिकेतून मागणी आली आणि थडगी मागणीनुसार फुटू लागली. कोणत्या थडग्यातली, शेजारी काय होतं, मृत्युलेखावर काय लिहिलं होतं, सगळं हरवलं. सुट्या घोड्याचं काम कळतं, मालक कळत नाही.

मागणी आली तशी नक्कलही आली. लुओयांगजवळचं नानशिशान गाव सान्त्सायच्या प्रतिकृतींसाठी प्रसिद्ध आहे. प्रतिकृती म्हणून विकली तर त्यात काही वाईट नाही. माझ्या टीव्हीशेजारी एक घोडा आहे. वाईट घडतं ते तिला माती फासून, आम्लात बुडवून जुनी केल्यावर.

खरं-खोटं ओळखण्याची एक शास्त्रीय चाचणी आहे, तिचं तत्त्व समजून घेण्यासारखं आहे. मातीतले स्फटिकाचे कण आजूबाजूच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाची ऊर्जा हळूहळू साठवत असतात. भट्टीत भाजलं की हा साठा शून्यावर येतो, आणि गार झाल्यापासून पुन्हा भरायला लागतो. मूर्तीच्या आतल्या बाजूने चिमूटभर भुकटी काढून ती प्रयोगशाळेत तापवतात. साठलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. प्रकाश जितका जास्त तितकी भट्टी जुनी. पण भुकटी जिथून काढली तेवढ्याच जागेचं वय कळतं. खऱ्या जुन्या तुकड्यांवर नवं धड जोडणारे लोक हे जाणून असतात, काही जण कृत्रिम किरणांचा माराही करतात. म्हणून "चाचणीचा दाखला आहे" या वाक्याने विरघळू नका.

माझा सल्ला सरळ आहे: जुनी म्हणून कुणी विकत असेल तर घेऊ नका. खोटी असेल तर पैसे गेले. खरी असेल तर कुणाचं तरी थडगं फोडलेलं आहे. अमेरिकेत राहणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की २००९ च्या चीन-अमेरिका करारानुसार तांग काळाच्या अखेरपर्यंतच्या चिनी पुरावस्तूंच्या आयातीवर निर्बंध आहेत. सुटकेसमध्ये घालून आणलेला "तेराशे वर्षांपूर्वीचा" घोडा विमानतळावर तुम्हाला बोलतं करेल.

जाता जाता

निघण्याआधी मूर्तीच्या मागे जाऊन या. पेटी चारी बाजूंनी उघडी असेल तर पाठ बघायला मिळते, आणि पाठ पुढच्यापेक्षा जास्त बोलते: झिलई अर्ध्यावर संपलेली, तळाकडे कोरी पांढरट माती, पुसायचा राहिलेला सांधा. फोटो काढायचाच तर तिथला काढा.

आम्ही त्या दिवशी तांग मूर्तींवरून हानच्या चुलीपाशी आलो. मावशी वाकून चुलीवरचा मासा, पळी, सुरी बघत होती. कुत्रा पाहिला, कोठार पाहिलं, विहीर पाहिली. मी विचारलं, "मावशी, तुला काय काय द्यायचं बरोबर?"

तिने जरा विचार केला. "ढोलवाला नको, डोकं उठवेल. स्वयंपाक मी करेन," ती म्हणाली. "भांडी घासायला तेवढं एक माणूस दे."